नागपूर निपाणीपेक्षा जवळ आहे

सौ. दुर्गाबाई विहीणबाईंना वडगावहून जयाबाईचा नमस्कार. तुमचे गुडघे, तुमच्या यजमानांचा खोकला आणि आमच्या रचनाचे सुजलेले पाय कसे आहेत ते कळवा. इकडं सगळे बरे, मागही चालू आहेत (वीज असली तर).

नातीच्या डोहाळजेवणाला नागपूरला आले, आठ दिवस राहिले, पण तुम्ही मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. असा मान मला निपाणीला माहेरीही मिळत नाही. (तिथं पाहुणी टेकली की पुढ्यात मिरच्या निवडायला येतात.) वर तुमच्या रविराजनी परतीचं विमानाचं तिकीट काढलं. असा नातजावई देवानं सगळ्यांना द्यावा.

ते म्हणाले, आभाळातनं साडेसातशे किलोमीटर. एवढं ऐकून मी हट्टानं तुमच्याकडून दोन दिवसांच्या दशम्या करून घेतल्या, आणि तुम्ही बिचाऱ्या लाटत राहिलात. विमानात एका पोरीनं मला पट्टा बांधला, पाणी दिलं. गाव विचारलं तर आमच्या शेजारच्या खासबागची निघाली! म्हटलं, "चहाला गाडी कुठं थांबती गं?" तर म्हणाली, "मधी थांबत न्हाय आज्जी. थांबली तर लई अवघड हुईल."

जरा डोळा लागला. उठून दशम्या सोडल्या. शेजारचा कोटवाला नको नको म्हणत तीन खाऊन गेला (तुमच्या हाताला चव आहेच). तेवढ्यात ती पोर कचरा न्यायला आली. गळ्यात मंगळसूत्र. एवढी सेवा करणारी सवाशीण रिकाम्या ओटीनं कशी जाऊ द्यायची? निघताना तुम्ही माझी ओटी भरली होती, तीच सोडली. (रागावू नका. खण फार सुरेख होता, म्हणून तर दिला.) ओंजळीत तांदूळ घेतले आणि कर्ण्यातनं आवाज आला, बेळगाव आलं म्हणून! अहो, अजून चटणीची पुडीसुद्धा सोडली नव्हती. विमान वाकलं तसे तांदूळ पुढं पळाले, पार चालकाच्या दारापर्यंत. वाटलं, आता बोलणी खाणार. पण उतरल्यावर त्या पोरीनं चार दाणे वेचून रुमालात बांधले आणि पाया पडली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सांबऱ्याच्या विमानतळावर आमचा नागेंद्र न्यायला आलता, त्याला वाटलं आई विमानाला भ्याली.

तुमची
जयाबाई

ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच. रचनाच्या आईनं, नीलमनं, मागची खोली सारवून बाज टाकून ठेवलीय. रोज त्या खोलीत जाऊन उगाच उभी राहते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं एवढंच तिचं मागणं, पण तुम्ही लांब पडतं म्हणालात म्हणून बोलायला भिते. माझी तिन्ही बाळंतपणं निपाणीला झाली. बसची वाट बघण्यापासून धरलं तर नागपूरच्या विमानापेक्षा जास्त वेळ लागायचा, तरी सासूबाई कधी लांब म्हणाल्या नाहीत (त्यांना मी जायला हवीच असायचे). डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी असली की विमानात घेतात, त्या पोरीला विचारून घेतलंय. तेव्हा पाठवा.

आणखी ता. क. नाहीच जमलं तर राग नाही. नीलम आणि मी दोघीच तिकडं येऊ, बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत राहू. आता काय, दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. तुमचं स्वयंपाकघर मला पाठ झालंय. फक्त मिठाचा डबा चुकीच्या जागी आहे, तो आल्या आल्या हलवू.