पाणी आल्यावर निघणाऱ्या अंकाचा वारस

मी, रोझालिया उर्बास, निवृत्त शिक्षिका, वय एकोणऐंशी, राहणार गोरेन्ये येझेरो, त्सेर्क्नित्सा सरोवराच्या काठी, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते कधीच नव्हते असे म्हणणारे गावात आहेत. त्यांच्या माहितीसाठी, जेवढे होते तेवढे शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात, गवताची कापणी बघाल, पुढचे सांगवत नाही. म्हणून ही घाई.

कलम १. राहते घर भाचा मात्याझ यास द्यावे. छप्पर गळते. त्या गळतीवर मी एक सुंदर ललित लेख लिहिला, छप्पर मात्र तसेच राहिले. भाच्याने उलटे करावे.

कलम २. लाकडी होडी शेजारी विल्को ह्लाडनिक यांस. मी तिच्यात एकदाच बसले, तेही माझ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरच्या फोटोसाठी, आणि पडले. बुडते आहे अशी माझी खात्री झाली होती. विल्को काठावरून म्हणाला, "बाई, पाणी कमरेएवढं आहे. उभ्या राहा की." सरोवरावर जन्मभर लिहिणाऱ्या बाईला सरोवराची खोली अशी कळली.

कलम ३. कवी सिल्वो बाराग यांच्या बगळ्यांवरील सर्व कविता साभार परत. आमच्याकडे बगळे कमी आणि बगळ्यांचे कवी उदंड. खरे सांगायचे तर लांबून मला बगळा आणि वाळत घातलेला सदरा यांतला फरक कळत नाही, पण हे संपादकाने जिवंतपणी बोलायचे नसते.

पोस्टातल्या येर्नेया म्लाकर यांना काही ठेवलेले नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. त्यांनीच मला बजावले, "बाई, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, की त्याचं मिळणं रद्द. कायदाच आहे तसा." तेव्हा येर्नेया, आलुबुखाराची दारू मी आहे तोवरच घेऊन जा.

कलम ४. आता 'ये-जा'विषयी. आमचे सरोवर शरदात भरते आणि उन्हाळ्यात जमिनीतल्या विवरांतून निघून जाते. पाणी आले की एक अंक, गेले की दुसरा, असे हे नियतकालिक मी चालवले. एका वर्षी पाणी गेलेच नाही, तर अंकही निघाला नाही. वर्गणीदार चिडले. मी म्हटले, सरोवरच अनियतकालिक, तिथे संपादकाने काय करावे?

वारस शोधून थकले. मात्याझ म्हणाला, "आत्या, वाचतं कोण ते?" ग्रंथालयवाल्यांनी जुने अंक तळघरात ठेवण्याची तयारी दाखवली, तिथे दर शरदात पाणी शिरते. गावात घरोघरी अंक आहेत, बहुतेक सफरचंदांखाली.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा वैरी आहे. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले फेर्दो ओबरेझा. प्रत्येक अंकानंतर हे गृहस्थ चुकांचे पत्र घेऊन दारात हजर. "रोझाबाई, तुमच्या संपादकीयात इतकं धुकं असतं की माणूस वाट चुकतो." किंवा, "हे फूल मे महिन्यात फुलत नाही. तुम्हाला विचारून फुलत असेल तर गोष्ट वेगळी." त्यांच्याही निम्म्या दुरुस्त्या चुकीच्याच असत. त्या मी पुढच्या अंकात दुरुस्त करी, आणि तेवढी पाने भरत. माझ्या पाठीमागे ते मला 'सरोवराची सासू' म्हणतात. मी त्यांना काय म्हणते ते कायद्याच्या कागदावर लिहिता येत नाही.

'ये-जा', त्याचे नाव, टंकयंत्र आणि न छापलेले सर्व लेखन मी फेर्दो ओबरेझा यांना देत आहे.

हे त्यांना सांगितलेले नाही. तोंडावर विचारले असते तर भांडण झाले असते आणि उत्तर राहिलेच असते. म्हणून त्यांना फक्त साक्षीदार म्हणून बोलावले आहे. वाचल्याशिवाय ते औषधाच्या बाटलीवरही सही करत नाहीत. 'ये-जा' नको असेल तर त्यांनी निमूट सही करावी; ते माझ्याबरोबर बंद होईल आणि माझा राग नसेल. मरणाची मला भीती वाटत नाही. शरदात पाणी येईल आणि ते आले असे लिहायला कोणी नसेल, याचे मात्र फार वाईट वाटते.

ठिकाण: गोरेन्ये येझेरो
दिनांक: ९ जून २०११
सही: रोझालिया उर्बास

साक्षीदार:
१. येर्नेया म्लाकर (सही)
२. लोयझे म्लाकर (सही). फेर्दो ओबरेझा यांनी सही न केल्यामुळे यांना गोठ्यातून बोलावून आणले.

फेर्दो ओबरेझा यांनी आपल्या नावासमोर स्वहस्ते लिहिले ते असे: "पूर्ण वाचले. सही करणार नाही. मात्र माझ्या पहिल्या अंकातल्या चुका काढायला कोणीतरी लागेल, तेव्हा बाईंनी पाणी येईपर्यंत जिवंत राहावे."