चॅपल स्ट्रीटच्या घरातील ओल

३ ऑक्टोबर, शुक्रवार
ज्या दयाघनाने प्रत्येक चिमणीला वळचण दिली, त्याचे स्मरण करून लेखणी उचलतो. विषय घराचाच आहे. चॅपल स्ट्रीटवरील माझ्या दुसऱ्या घरात नेस्टा राहते. शाळेत स्वयंपाक करते, नवरा मासेमारीच्या बोटीवर असतो. मागच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी आली आहे, अशी तिची तक्रार. डिसेंबरात बाळ होणार; पाळणा त्याच भिंतीशी ठेवायचा आहे.
मी चॅपलच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, आहे. भाडेकरूंना लेकरांप्रमाणे मानतो.
संकल्प: त्या भिंतीत पाणी मुरवणारी छपराची फुटलेली पन्हळ सोमवारी बदलणे.

६ ऑक्टोबर, सोमवार
पाऊस. पावसात पन्हळ बदलणे अविवेकाचे.

८ ऑक्टोबर
स्वतः पाहणी केली. दारातूनच केली, कारण बूट ओले होते. निदान: दोष भिंतीचा नसून राहणीचा आहे. ती घरात बटाटे उकडते, कपडे वाळवते, शिवाय श्वास घेते. खिडकी उघडी ठेवण्याचा उपदेश केला. म्हणाली, "मिस्टर पॉवेल, खिडकी उघडली की पाऊस तिकडून येतो, मिटली की भिंतीतून येतो. कुठून घेऊ ते तुम्हीच सांगा."
तरुण पिढीत नम्रता उरलेली नाही.

१४ ऑक्टोबर
अकरा कलमांचे नियमपत्र सुवाच्य अक्षरात लिहून दिले. कलम पहिले: खिडकी सदैव उघडी. कलम चौथे: पातेल्यावर झाकण. पत्नी मेन्नाने वाचले. म्हणाली, "इद्वल, एक राहिलं. बाळाने रडू नये, ओल वाढते." सूचना विचारार्ह होती, परंतु कागदावर जागा नव्हती.

२१ ऑक्टोबर
भिंतीला पांढरा रंग स्वहस्ते दिला. डाग नाहीसा. मन भरून आले. नेस्टाने विचारले, पन्हळ म्हणतात ती हीच का.

२७ ऑक्टोबर
डाग परतला, पांढऱ्यावर अधिकच उठून दिसतो. हल्ली रंगांचा दर्जा घसरला आहे.
नेस्टा दुसरे घर शोधत होती म्हणे. गावातील निम्मी घरे सुट्टीला येणाऱ्या शहरवाल्यांची, ऑगस्टपुरती उघडतात. एकच रिकामे होते, त्यापुढे तीस जणांची रांग. ती माघारी आली. अर्थ उघड आहे: तिला माझेच घर आवडते.

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत शास्त्रपाठ माझ्याकडे होता. चॅपलच्या पाळकबाईंनी बायबलच्या नियमशास्त्रातील असा भाग निवडला, जो मी पन्नास वर्षे थोडा घाईने वाचत आलो. भिंतीत हिरवट वा तांबूस डाग दिसल्यास ज्याचे घर त्याने स्वतः जाऊन याजकाला, म्हणजे धर्मगुरूला, सांगावे. घर सात दिवस बंद ठेवावे. भिंती खरडून नवा गिलावा करावा. माझा आवाज उत्तरोत्तर खाली गेला. तिसऱ्या बाकावर नेस्टा पोटावर हात ठेवून अत्यंत भक्तिभावाने ऐकत होती.
दाराशी पाळकबाईंनी हात हाती घेऊन विचारले, "मग, मिस्टर पॉवेल, मला काही सांगायचं आहे का?" मी निदर्शनास आणले की त्या देशी पर्जन्यमान निराळे. मागून मेन्ना म्हणाली, "उद्या चहाला या, बाई. गवंडी मी बोलावते."

१० नोव्हेंबर
पन्हळ बदलण्यास गवंड्याला पंचवीस मिनिटे लागली. भिंतीला सात दिवस लागतील. नेस्टा आमच्याकडे, माझ्या खोलीत. गवंड्याला दार उघडण्यासाठी मी इकडे, तिच्या घरात. ही व्यवस्था मेन्नाची.

१३ नोव्हेंबर
कलम पहिले पाळतो आहे. अंगात दोन कोट. एक बटाटा उकडला; सगळ्या भिंतींना घाम फुटला. खोकला. नेस्टा लीकच्या कांदापातीचे सूप घेऊन आली, झाकण घालून. जाताना म्हणाली, "खिडकी मिटू नका हं. आणि श्वास जरा बेताने."

१७ नोव्हेंबर
गिलावा सुकायला एप्रिल उजाडेल, असे गवंडी म्हणतो. तोवर बाळाला कोरडी खोली हवी, आणि माझा खोकला त्याच्या जवळपास नको, असे मेन्ना म्हणते. म्हणून माझ्यापुरते एखादे नीटनेटके घर भाड्याने मिळते का पाहण्यास बाहेर पडलो. एक आहे. तीस जण रांगेत, मी एकतिसावा.
जो कोणी हे वाचील, त्याच्या मस्तकावरील छप्पर न गळो, त्याचा पाळणा कोरडा राहो, आणि त्याचा घरमालक शास्त्र सावकाश वाचणारा असो. आमेन.