गिरणीतलं काळं तेल

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

सरकीचं तेल खावं का, असं तू विचारलंस. दुकानातलं शुद्ध केलेलं खुशाल खा. वास येत नाही, तळण खुसखुशीत होतं, जीवनसत्त्वंही असतात म्हणे.

पण मी तेलगिरणीतून आणलेला काळपट तेलाचा डबा चुलीपासून लांब ठेव. ते कच्चं आहे, त्यात सरकीचं विष उरतं. फुकट मिळतं म्हणून आम्ही कामगार इथे वर्षानुवर्षं त्याचीच फोडणी देतोय. परवा डॉक्टरांनी मला तपासलं. मला मूल होणार नाही म्हणाले, आणि कारण बहुतेक हेच तेल.

धाकट्याचं लग्न व्हायचंय. त्याच्या ताटात ते पडू देऊ नकोस. ओतून टाकायला जीव होत नसेल तर दारांच्या बिजागऱ्यांना घाल.

आई, माझ्या बायकोला तू चारचौघांत वांझ म्हणालीस आणि माहेरी धाडलंस. आता तूच जा आणि हे पत्र तिच्या आईबापांसमोर मोठ्यानं वाच. माझी लाज गेली तर जाऊ दे. ती आली तर तिला घरी आण.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. फक्त तेल नेऊ नकोस.

तुझा थोरला