एक फक्त घरच्यांचा

अहो आई,

साष्टांग नमस्कार लिहायला हात सवयीने निघाला होता, मागे घेतला. तुम्ही होतात तेव्हा भरपूर केले, तेवढ्यावर भागवून घ्या.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला आवडणार नाही. मी कॅमेरा घेतला. छोटासा, सेकंडहँड, कोटाच्या खिशात मावणारा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घरात एवढा मोठा असताना हे काय खेळणं?" शिरीष अगदी हेच म्हणाला. शेवटी मुलगा कुणाचा!

तो मोठा आठवतो ना? शिरीषने माझ्या वाढदिवसाला आणलेला, काळा, दोन लेन्सवाला. वाढदिवस माझा, पण त्यातून फोटो निघाले ते बाकी सगळ्यांचे. ते लोढणं माझ्या गळ्यात कायमचं अडकवलंत तुम्ही. "आमच्या मृणालचा हात कसा स्थिर! शिरीष म्हणजे डोकी कापतो." चारचौघांत कौतुक झालं की मी खूश. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी! तुमच्या तोंडून माझ्याबद्दल बरं एवढंच निघायचं, त्यामुळे ते मी पुरवून पुरवून खात होते.

आणि मग ते तुमचं वाक्य. दरवर्षी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आपल्याकडे गणपतीला माणसं यायची. आरती झाली, जेवणं झाली की तुम्ही सोफ्याच्या मधोमध बसून टाळी वाजवायचात. "चला, आता एक फक्त घरच्यांचा! मृणाल, काढ गं." पाहुणे बाजूला सरकायचे. तुमच्या एका अंगाला शिरीष, दुसऱ्या अंगाला न्यू जर्सीहून आलेल्या वन्सं, मागे त्यांचे यजमान, पायाशी आमचा रोहन. जावई घरचे. एकदा जावयांचा धाकटा भाऊ आला होता, त्यालाही हाताला धरून बसवलंत, "अरे, तू काय परका आहेस का?" आणि मी समोर एक डोळा मिटून उभी. आई, खरं सांगा, तुम्हाला कळत नव्हतं? की कळत होतं म्हणूनच टाळी एवढी जोरात वाजायची?

बारशाचं तर बोलायलाच नको. माझं बाळ, माझ्याच पोटचं, आणि तुम्ही म्हणालात, "दे माझ्या मांडीवर, आणि तू काढ." टाके दुखत होते माझे. तरी मी खाली बसून काढला, कारण तुम्हाला वरून काढलेला चालत नसे, भांगातले विरळ केस दिसतात म्हणून.

हे सगळं आत्ताच का उकरून काढतेय? रोहनचं लग्न ठरलंय. मुलगी अमेरिकन, हॅना. लग्नात दाखवायला तिला रोहनचा लहानपणचा एक फोटो हवा होता, माझ्याबरोबरचा. "जस्ट यू अँड बेबी रोहन," म्हणाली. मी दोन शनिवार-रविवार अल्बम उपसले, कपाटातल्या हार्डडिस्क उपसल्या. तुमच्या मांडीवर रोहन, वन्संच्या कडेवर रोहन, जावयांच्या खांद्यावर रोहन. एका फोटोत कडेला एक कोपर आहे, ते माझं. हॅनाला तेवढंच दाखवलं. बिचारी म्हणाली, "इट्स ओके, वी'ल फिगर समथिंग आउट." तुमच्या बोलण्यानं मला कधी आलं नव्हतं एवढं रडू तिच्या त्या इट्स ओकेनं आलं.

म्हणून ठरवलं, लग्नाच्या आत रोज पर्समध्ये राहील असा कॅमेरा घ्यायचा. शिरीष म्हणाला, "फोन आहे ना यार तुझ्या हातात." तेच तर! फोन माझ्या हातात आहे, म्हणजे काढणारी मीच. मला दुसऱ्याच्या हातात देता येईल असं काहीतरी हवं होतं.

दुकानातली मुलगी विचारते कशी, "व्हॉट डू यू लाइक टु शूट?" पक्षी, रस्ते, माणसं? मी म्हटलं, "मी." तिला वाटलं, हिचं इंग्लिश कच्चं आहे. तिने पुन्हा हळूहळू विचारलं. मीही हळूहळू सांगितलं, की मला फोटो काढायचे नाहीत, मला फोटोत यायचंय.

मग आमची परीक्षा सुरू झाली, आणि परीक्षक तुमचे चिरंजीव. दुकानातला एकेक कॅमेरा त्याच्या हातात द्यायचा आणि मी समोर उभं राहायचं. सगळे ज्याची तारीफ करतात, त्याच्या पडद्यावर इतकी चित्रं की शिरीष सेटिंगमध्येच हरवला. एकाला डोळा लावून बघायची खिडकी होती, त्याचा चष्मा तिच्यावर आपटला. एक दिसायला फार गोड होता, पण चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की माझं हसू वाळून जायचं. नवे आमच्या आवाक्याबाहेर आणि जुन्यांवर हल्ली कॉलेजच्या पोरी तुटून पडतात, त्यामुळे तेही महागलेले. शेवटी हा सापडला. कोपरे घासलेले, झूम जेमतेम. पण एक मोठं बटण, आणि समोरचं इतकं रुंद दिसतं की शिरीषलासुद्धा डोकं कापता येत नाही! दुसरा कुठलाच गुण मी बघितला नाही.

आता तुमच्या शेवटच्या फोटोबद्दल. भिंतीवर हार घालून लावलाय तो.

हॉस्पिसची नर्स घरी यायला लागली होती. तुम्ही एका सकाळी कवळी मागून लावलीत, जांभळी पैठणी अंगावर टाकून घेतलीत आणि म्हणालात, "एक चांगला काढून ठेव. हार घालायला लागेल." शेवटपर्यंत काय तो व्यवहार! मी मोठा कॅमेरा आणला. आणि तुम्ही पलंगावर हाताने थापटलंत. "तूपण ये, बस माझ्याजवळ. शिरीष काढेल."

अख्ख्या संसारात पहिल्यांदा. शिरीष तर उठलासुद्धा होता हात पुढे करून.

मी म्हटलं, "नको आई, तो डोकी कापतो."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं. आणि नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं. माझा हात स्थिरच असतो, तुम्हीच म्हणायचात. येणारे-जाणारे म्हणतात, "काकूंच्या डोळ्यांत काय माया आहे!" मी चहा आणायला आत जाते. माया कसली, परकं केल्यावर माणूस कसं दिसतं ते आहे ते. वर्षानुवर्षं माझा चेहरा तसाच असायचा, फक्त मी कॅमेऱ्यामागे असल्यामुळे तुम्हाला तो दिसला नाही.

पश्चात्ताप? शोधला, सापडला नाही.

पण परवा मात्र एक गंमत झाली. गंमतच म्हणते, कारण दुसरा शब्द वापरला तर त्रास होईल. आम्ही सगळे सफरचंदं तोडायला गेलो होतो, शिरीष, मी, रोहन आणि हॅना. नवा कॅमेरा माझ्या पर्समध्ये. झाडाखाली ऊन छान होतं. मी शिरीषला आणि रोहनला जवळ ओढलं, मधे उभी राहिले आणि कॅमेरा हॅनाच्या हातात ठेवला. "हॅना, विल यू टेक वन? जस्ट द फॅमिली."

माझ्या तोंडून, आई! तुम्ही इंग्लिश शिकला असतात तर असंच बोलला असतात.

रोहनचा चेहरा उतरला. हॅना मात्र हसली. "ओ, बट आय वाँट टु बी इन इट टू!" म्हणाली, सरळ. ना राग, ना रुसवा. सफरचंदांची पेटी उलटी करून तिच्यावर कॅमेरा ठेवला, कुठलंसं बटण दाबलं, धावत आली आणि माझ्या कमरेत हात घालून उभी राहिली. लाल दिवा लुकलुकला आणि फोटो निघाला. झालं! एवढंच करायचं होतं. त्या मोठ्या लोढण्यातही ते बटण होतं, मला ठाऊक होतं. आणि मलाही तोंड होतं.

मी तुमच्या वाक्याची वाट अडवली असती तर तुम्ही काय केलं असतंत? आकांडतांडव केलं असतंत, वन्संना फोन लावला असतात, दोन दिवस जेवला नसतात. आणि मग? तिसऱ्या दिवशी जेवला असतात. मला माझाच फार राग आला आहे, आणि तुमच्यावर काढायची सवय म्हणून तुम्हाला लिहितेय. म्हणून तुम्ही सुटलात असं मात्र समजू नका.

फोटो बरा नाही आलाय. क्षितिज तिरकं, माझे डोळे अर्धे मिटलेले, कडेला अर्धा ट्रॅक्टर. तुम्ही बघितला असतात तर नावं ठेवली असतीत, आणि ती बरोबरच असती. मी तो मोठा करायला टाकलाय. रविवारी फ्रेम येईल. दिवाणखान्यात खिळा एकच आहे.

तेव्हा तुम्हाला वचन देते, आणि तुमच्या बाबतीत मी वचन मोडल्याचं तुम्हाला तरी आठवणार नाही. रविवारी मी तुमचा आणखी एकदा फोटो काढणार आहे, आई. या वेळी भिंतीवरून.

माझ्या घरातून,
मृणाल