अकरा कळ्यांची गाठ कात्रीविना सोडू देणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सरोवरकाठ कला दालन,
व्हिटबी, ओंटारिओ.

विषय : मी मारलेली गाठ कात्रीने न कापता मलाच सोडू देणेबाबत.
संदर्भ : मला खुर्चीवरून कमी केल्याचे आपले दि. १२ नोव्हेंबरचे पत्र.

महोदया,

मी, वनिता सखाराम पटवेकर, वय ७६, आपल्या दालनात मंगळवारी व गुरुवारी खुर्चीवर बसणारी स्वयंसेविका. माझ्याकडे काम एकच होते : प्रदर्शनातील वस्तूंना कोणी हात लावणार नाही हे पाहणे. दोन वर्षांत कोणी लावला नाही. लावला तो मीच, हे आपण पत्रात लिहिले आहे ते बरोबर आहे.

१. इंडोनेशियातल्या जावा बेटावर नवरीच्या केसांतून मोगऱ्याच्या कळ्यांची माळ सोडतात, ती छातीपर्यंत येते. श्रीमती सेकार विद्यास्तुती यांच्या आई तिकडे सोलो शहरात लग्नाच्या अशा माळा ओवत असत. लेकीने इथे दुधाच्या पिशव्या कापून हजारभर कळ्या केल्या, आईने त्या ओवल्या, आणि ती माळ आपण छतापासून सोडली. तिच्या शेवटी वीतभर दोरा मोकळा होता व खाली फरशीवर अकरा कळ्या पडल्या होत्या. मला वाटले, माळ सुटली.

२. आमचे घराणे बार्शीच्या पटवेकऱ्यांचे. रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठायचे, नवरीच्या मुंडावळ्या करायच्या. लोंबता दोरा दिसला की आमचा हात थांबत नाही. मी अकराही कळ्या ओवल्या, पटवेकरी गाठ मारली आणि दाताने आवळली. नऊ मिनिटे लागली. भिंतीवरची पाटी मी त्यानंतर वाचली. अक्षरे मी बासष्टाव्या वर्षी शिकले, चर्चच्या बेसमेंटमधल्या रविवारच्या मराठी शाळेत, सहा वर्षांच्या मुलांच्या मागे बसून. इंग्रजी त्याहून उशिरा. त्यामुळे माझे वाचन हाताच्या मागून येते. पाटीवर लिहिले होते की आई इथपर्यंत ओवून वारल्या, आणि उरलेल्या कळ्या होत्या तिथेच ठेवल्या आहेत.

३. हे तत्काळ कळवायला हवे होते. न कळवता मी खुर्चीत जाऊन बसले आणि तीन आठवडे बसून राहिले. मधे एका मास्तरणीने शाळेच्या मुलांना नेमके त्या गाठीपाशी उभे करून फोटो काढला, तेव्हा मी पदर सारखा केला, हेही कबूल करते. मग श्रीमती सेकार आल्या. त्या ओरडल्या नाहीत. कोणी केले एवढेच विचारले. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. त्यांनी गाठीवरून बोट फिरवले आणि कोट न घालताच बाहेर गेल्या. माझी नात ईशानी घरी म्हणाली, आजी, सिक्युरिटी तूच होतीस ना.

४. आपल्या पत्राप्रमाणे सोमवारी दुरुस्तीचे तज्ज्ञ येऊन गाठ कापणार आहेत. पटवेकरी गाठ कापली तर चार बोटे दोरा जातो. श्रीमती सेकार यांच्या आईंनी हातातून सोडलेला दोरा वीतभरच आहे. शिवाय लग्नाच्या दोऱ्याला कात्री लावायची नाही आणि बांधणाऱ्याने सोडायचे, अशी आमची रीत आहे. अडचण एवढीच की पन्नास वर्षांत मी एकही गाठ सोडलेली नव्हती. गिऱ्हाईक ती न सुटण्याचेच पैसे देई, आणि मी त्याचा तोरा मिरवत असे. परवापर्यंत ही स्थिती होती.

५. माझी मुलगी उल्का हिने विनिपेगला जेवणाच्या सुट्टीत, सरकारी कचेरीत लग्न केले आणि फोन नंतर केला. तिच्यासाठी केलेल्या मुंडावळ्या एकोणीस वर्षे डब्यात आहेत. याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असे ईशानीचे मत आहे. तरी लिहिले.

तरी विनंती की, सोमवारी तज्ज्ञ येण्यापूर्वी मला एक तास, एक स्टूल आणि चांगला दिवा मिळावा. माझ्यावर लक्ष ठेवायला खुर्चीवर कोणालाही बसवावे; माझ्यापेक्षा ते काम कोणीही बरे करील. कळ्या होत्या तशा परत ठेवीन. नऊ एका जागी होत्या, दोन दाराकडे घरंगळल्या होत्या. श्रीमती सेकार यांनी नको म्हटले तर मी दारातूनच परत जाईन. खुर्ची परत मागत नाही.

आपली नम्र व सध्या हात आवरून बसलेली,

वनिता सखाराम पटवेकर
(सही स्वतःची आहे)
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. ईशानीने केलेले इंग्रजी भाषांतर. त्यात मी आहे त्यापेक्षा शहाणी वाटते, म्हणून मूळ अर्जच खरा मानावा.
३. मुंडावळ्यांची एक जोडी, न वापरलेली. गाठ काल सोडली आहे. पंचावन्न मिनिटे लागली. दोरा अखंड आहे, तपासून पाहावा.