मागच्या बाई

सोमवार, ४

पोचले एकदाची! विमानात कानांना बसलेले दडे अजून सुटले नाहीत, पण खोली पाहून जीव निवला. कॉट, टेबल, खिडकीतून स्वच्छ ऊन. ह्यांचा चष्मा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बघा, तुमच्या रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यांवर बसून इंग्रजी वाचायला शिकलेली बाई परदेशात मास्तरीण झाली. हे असते तर म्हणाले असते, झालीस खरी, पण मग गठ्ठे बांधायचे कुणी? चष्म्याची एक काडी मोडली होती, तिला आमच्या लेकीनं, ठकीनं, निळा दोरा गुंडाळला होता. तो अजून तसाच घट्ट आहे.

शाळा मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मला घ्यायला स्वतः जिन्यापर्यंत आल्या. डिग्री नसलेल्या बाईला कोण एवढं विचारतं? शिवाय विमानाचं भाडं शाळा भरून देणार आहे. त्या भरवशावरच तर आले. ह्यांनी ठकीच्या नावानं ठेवलेली ठेव मोडून तिनं माझं तिकीट काढलं, आणि पोरीचा नर्सिंगचा कोर्स राहिला. पैसे हातात आले की आधी तिला पाठवायचे.

शाळेचा कारकून नेहमी हसरा. भाड्याच्या अर्जाला जोडायला म्हणून पासपोर्ट आणि विमानाचा पास घेऊन गेला.

शेजारच्या खोलीतून सारखं धप्‌धप् ऐकू येत होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, मागच्या बाई आहेत, सामान बांधतायत, त्यांचे पैसे दिलेत. ऐकून बरं वाटलं. माझ्याआधी इथं शिकवणाऱ्या याच बाई फोनवर माझ्याशी बोलल्या होत्या. खोली स्वच्छ आहे, भाडं मिळतं, खुशाल या, असं एकेक शब्द सुटा करून त्यांनी इंग्रजीत सांगितलं होतं. भेटायचं म्हटलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या घाईत नको.

गुरुवार, ७

आज पहिला तास. कारकुनानं धडा ऐकवायचं मशीन लावलं आणि मी खडू हातात तसाच धरून उभी राहिले. आवाज मागच्या बाईंचा. वाक्यंही तीच. खोली स्वच्छ आहे. भाडं मिळतं. खुशाल या. फोनवर शेवटी त्या थोडंसं हसल्या होत्या, ते हसूही जसंच्या तसं.

मनाला समजावलं, मास्तरीण आहे, रोजची वाक्यं तोंडात बसली असतील.

परत येताना शेजारच्या खोलीचं दार उघडं दिसलं. खोली झाडून लख्ख, पण कॉटखाली त्यांची बॅग तशीच, चेन लावलेली. सामान बांधून माणूस सामानच विसरून जातं होय? कारकून म्हणाला, मागवून घेतील.

सोमवार, ११

भाड्याचं विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, नवीन धडे मशीनमध्ये बोलून झाले की पैसे, असा नियमच आहे. आधी इंग्रजी वाक्य, मग तेच माझ्या भाषेत. का, तर आमच्याकडचेही विद्यार्थी घ्यायचेत.

बोलले. मी सुखरूप पोचले. पैसे मिळाले. तूही ये. आत कोण आहे? मागच्या बाई आहेत. सामान बांधतायत. एका वाक्यात कुणाचंही नाव घाला म्हणाल्या. दुसरं कोणतं सुचणार? ठकीचं घातलं. इतक्या दिवसांनी तिला हाक मारल्यासारखं झालं, डोळे भरून आले.

घसा मात्र कोरडा पडलाय.

शुक्रवार, १५

मिठाच्या गुळण्या करूनही घसा सुटत नाही. भाडं पुढच्या आठवड्यात म्हणे.

ऑफिसातून ठकीला फोन लावला. माझा घोगरा आवाज ऐकून ती हसली. म्हणाली, काल तर किती छान बोलत होतीस गं आई, आज बेडूक गिळलास की काय?

काल मी फोन केलाच नव्हता.

पैसे मिळाल्याचं ऐकून सुटल्यासारखं झालं, असंही म्हणाली. अगं, नाही मिळाले, म्हणायला गेले तर तोंडातून नुसती हवा. कारकुनानं हसत हसत रिसीव्हर काढून घेतला. अगदी हळुवार.

मंगळवार, १९

आवाज पूर्ण गेला. कुजबुजसुद्धा नाही.

दुपारी ऑफिसच्या दाराशी थांबले. आत मी बोलत होते. ठकीला सांगत होते, बाबांचा चष्मा टेबलावर ठेवलाय गं, रोज बोलते त्यांच्याशी.

हे मी मशीनमध्ये कधीच बोलले नव्हते. कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुरुवार, २१

पाकीट आलं. आत दोन भाडी. एक माझं, एक ठकीचं. तिनं तिकीट काढलंय. रविवारी येते, कारकून म्हणाला, अभिनंदन!

कागदावर लिहून पासपोर्ट मागितला. त्यानं कागद वाचला, घडी करून खिशात टाकला. धावत फाटकाशी गेले, तिथून त्यानं दंडाला धरून मागे आणलं.

माझी खोली नव्या बाईंसाठी हवी म्हणे. मला शेजारी हलवलं. या दाराला आतून कडीच नाही, बाहेरून लावून घेतात. कॉटखाली मागच्या बाईंची बॅग. तिच्या शेजारी आता माझी.

रविवार

जिन्यावर चाकांचा आवाज. ठकीच. कशी थांबवू —

भिंतीपलीकडे वर्गातून माझा आवाज. आलीस गं ठकी? दमलीस? वर्ग चालू आहे, हातपाय धू, आलेच.

ती हसली. म्हणाली, आई, आधी बाहेर तरी ये.

मी दार ठोकतेय. तळहातांनी. मुठींनी —

ती थांबली. विचारलं, आत कोण आहे गं?

मागच्या बाई आहेत. सामान बांधतायत. त्यांचे पैसे दिलेत.

ठकी म्हणाली, मदत करू का त्यांना? वेडी पोर. बापावर गेलीय —

नको गं, म्हणाला माझा आवाज. त्यांच्या घाईत नको.

चष्मा. काडी मोडून घेतली. दाराखालून सरकवली. निळा दोरा ओळखेल ती, स्वतःच गुंडाळलाय —

पावलं जवळ. कुणीतरी वाकलं. काडी पलीकडून ओढून घेतली.

बोलत का नाही? ठकी की कारकून? हसू ऐकू येत नाही —

कडी वाजतेय — ठकी, तूच अस —