वजिराची आंघोळ

अकोला, बुधवार

प्रिय गजेंद्र,

रविवारी अमरावतीत मंत्रीसाहेब तुझा सत्कार करणार, हे तू फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. तालमीत होते, आणि तुझा आनंद ऐकून मला धडकीच भरली.

यंदाचं आमचं नाटक इराणच्या एका वजिरावर आहे. आचाऱ्याचा मुलगा, अकलेच्या जोरावर राजाचा उजवा हात झाला. त्यानं दरबारातल्या फुकट्यांचे तनखे कापले आणि खुद्द राजाची आई त्याच्यावर उलटली. वजिरी गेली, दूरच्या गावी रवानगी झाली. मग एक दिवस निरोप आला, राजानं मानाची वस्त्रं धाडलीत. हा भाबडा ती अंगावर घ्यायची म्हणून आंघोळीला हमामखान्यात गेला. मारेकरी तिथंच आले.

वजीर किशोर करतो. शेवट ठाऊक असल्यानं तो हमामखान्यात रडवेला होऊनच शिरायचा. मी ओरडले, अरे बाबा, तो खुशीत आहे! अशी खुशी कशी दिसते ते सांगताना मला तूच आठवलास. साहेबांनी काढून टाकल्यापासून चांदूर रेल्वेच्या घरी ओट्यावर रोज कडक इस्त्रीत, मांडीवर फोन घेऊन बसणारा. तुझी आई, मैनाकाकू, मला म्हणाल्या होत्या, "पोरी, हा कोनाची वाट पाहून राह्यला? साहेबाले याची आठवन तरी हाय काय?" तूही आचाऱ्याचाच मुलगा. नत्थुजीकाकांच्या हातच्या पंगती लोक अजून आठवतात, आणि त्यांच्या पोरानं एका मंत्र्याचं अख्खं खातं चालवलं. साहेब सहीपुरते! मला त्याचा अभिमान आहे, आजही.

मांडवात रुसलेल्या जावयाला अंगठी देऊन उठवतात ना, तसे हे शाल-नारळ घेऊन निघालेत. तुला वाटतंय, मान परत मिळाला.

आता खरं सांगते. काल साहेबांचा माणूस माझ्याकडे भाषण लिहून घ्यायला आला होता. तुझं भाषण. तुझ्या तोंडी शोभेल असं मलाच जमेल म्हणे. शाल घेतल्यावर तू माइकवर सांगायचंस, पाणीयोजनेतला सगळा घोळ माझा एकट्याचा, साहेबांना काही ठाऊक नव्हतं. चौकशी लागलीय त्यांच्यामागे. वर मला म्हणाला, "गजाभाऊले फक्त वाचाचं हाय, मॅडम. शाल पांघरल्यावर मानूस नाही कसा म्हनन?" मी त्याला चहासुद्धा न विचारता घालवलं. दुसरं कुणीतरी लिहून देईलच. म्हणून शनिवारीच मी चांदूरला येतेय. रविवारी त्यांची गाडी दारात आली, तर नाही म्हणायला मी तुझ्याशेजारी उभी असेन. पण म्हणायचं तूच. तुझी खुर्ची मला कधीच नको होती, गजा. तू हवा आहेस.

तुझीच, आणि हे मुद्दाम लिहितेय,
दामिनी